थोरलीची हकालपट्टी

आपल्याच कंपनीतून आपल्याला काढून टाकतील असं थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कंपनीची कल्पना तिची, नाव तिने ठेवलेलं, फलकही तिनेच रंगवलेला. फलकावरचा कोंबडा चष्मिसने काढला होता खरा, पण त्याचा तुरा वाकडा आला म्हणून तो तिने पुसून पुन्हा काढला होता. चष्मिस तेव्हा काही बोलला नव्हता. थोरलीला वाटलं, त्याला पटलं. गप्प बसलेल्या माणसाला आपलं म्हणणं पटलेलंच असतं, अशी तिची लहानपणापासूनची ठाम समजूत होती.

विद्यापीठातल्या व्यवसाय शाखेच्या दुसऱ्या वर्षाला 'उद्योग' नावाचा विषय होता. पुस्तक नाही, पाठांतर नाही. चौघाचौघांनी मिळून खरी कंपनी काढायची आणि सत्रभर चालवून दाखवायची. थोरलीच्या कंपनीचं नाव होतं 'उठवणी'. वसतिगृहातल्या ज्या मुलामुलींना सकाळी जाग येत नाही त्यांना उठवायचं, एवढाच धंदा. आधी फोन, मग दारावर थाप, आणि गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याशिवाय तिथून हलायचं नाही. मुलींकडे थोरली आणि तिची जुळी बहीण धाकटी जायच्या. मुलांकडे पहिलवान आणि चष्मिस. पहिलवानाची थाप अशी, की शेजारच्या तीन खोल्या फुकटात उठायच्या. धंदा झकास चालला होता आणि तो आपल्यामुळेच चालला आहे, याबद्दल थोरलीच्या मनात काडीची शंका नव्हती.

पण या विषयात एक मेख होती. सत्राच्या मध्यावर 'बाजार' भरायचा. त्या दिवशी प्रत्येक कंपनीने मतदान करून आपला एक माणूस काढायचा. काढलेल्यांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये फिरून दुसऱ्या कंपनीत काम मागायचं. घंटा होईपर्यंत कोणी घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर विषय राहिला. आणि हा विषय राहिला की तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, पुढच्या वर्षी खालच्या वर्गातल्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिकवणाऱ्या मॅडम आधी एका रंगाच्या कारखान्यात माणसं नेमायचं आणि काढायचं काम करायच्या. त्यांनी एक अट घातली होती: आपल्याला का काढलं, ते काम मागणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सगळा वर्ग त्यांना पाठीमागे कात्री मॅडम म्हणायचा आणि त्यांना ते माहीत होतं.

त्या सकाळी थोरली 'उठवणी'च्या खोलीत मतदानाला आली ती पहिलवानाला निरोप द्यायच्या तयारीने. पहिलवान दोनदा उशिरा आला होता, त्यामुळे जाणार तोच, हे तिने गृहीतच धरलं होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून चार गोड वाक्यंसुद्धा तिने घोकून ठेवली होती. चिठ्ठ्या उघडल्या. एकीवर पहिलवानाचं नाव होतं, ते तिच्याच अक्षरात. उरलेल्या तिन्हींवर तिचं.

तिने चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. पहिलवान छताकडे बघत होता. चष्मिस चष्मा पुसत होता, तो आधीच लखलखीत असताना.

"एक चिठ्ठी माझी आहे," धाकटी म्हणाली. "मागाहून कळण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

थोरलीला कानशिलात बसल्यासारखं झालं. बाकीच्यांचं एक वेळ सोडा, पण सख्खी बहीण? जिचे बूट लहानपणी आपण घालून दिले, जिच्या वह्यांना आपण कव्हरं घातली, ती? वसतिगृहात यायला घरून निघताना आईने धाकटीचा हात तिच्या हातात देऊन लक्ष ठेव म्हणून सांगितलं होतं. धाकटी तिच्यापेक्षा काही मिनिटांनीच काय ती धाकटी. पण त्या काही मिनिटांच्या जोरावर थोरलीने आजवर राज्य केलं होतं.

का काढलं, ते धाकटीने सरळ सांगितलं. आदल्या दिवशी एका गिऱ्हाईक मुलीने तिला हसत हसत विचारलं होतं, तुमच्याकडे दोनदा उठवायची पद्धत आहे का गं? तू उठवून जातेस, मग मागून तुझी बहीण येते, तू नीट उठवलंस की नाही ते बघायला. धाकटीने बाकीच्या खोल्यांत विचारलं, तर सगळीकडे तेच. म्हणजे सत्र सुरू झाल्यापासून धाकटी पुढे आणि थोरली तिच्या मागे, रोज. पहिलवान आणि चष्मिसच्या गिऱ्हाइकांना ती फोन करून विचारायची. चष्मिसच्या हिशेबाची बेरीज ती खोलीवर नेऊन पुन्हा करायची आणि एकदाही चूक सापडली नाही म्हणून थांबत मात्र नव्हती.

"मग? खात्री नको करायला?" थोरली म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. धाकटीने बहिणीकडे नुसतं पाहिलं आणि दार उघडून दिलं.

बाहेर आल्यावरही थोरलीचा ताठा काही उतरला नव्हता. उलट तिला वाटलं, बरंच झालं. बघू आता यांचं माझ्यावाचून कसं चालतं ते. कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना टेबलं मांडून बाकीच्या कंपन्या बसल्या होत्या आणि काढलेली मंडळी मधून घुटमळत होती. कोणाचा चेहरा पडलेला, कोणी उगाच मोबाइल बघतोय. एक गाणारा मुलगा होता, त्याला सगळे गवई म्हणायचे. कामाच्या वेळी गातो म्हणून त्याला केक विकणाऱ्या कंपनीने काढलं होतं आणि तो एका खांबाला टेकून बारीक आवाजात गुणगुणतच होता. थोरलीने त्याच्याकडे कीव करून पाहिलं. आपल्याला काय, वर्गात पहिली आपण. आपल्यासाठी तर झोंबाझोंबी होईल.

कसली झोंबाझोंबी नि कसलं काय. पहिल्या टेबलावर तिने सांगितलं की कामाच्या पद्धतीबद्दल मतभेद झाले म्हणून ती बाहेर पडली. तिथल्या मुलीने मान डोलावली, छान हसली आणि आमच्याकडे सध्या जागा नाही म्हणाली. जागा तर शेजारीच रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली होती. दुसऱ्या टेबलावर तिने सांगितलं की तिचा दर्जाबद्दलचा आग्रह सहकाऱ्यांना झेपला नाही. तिथल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचार करून कळवतो म्हणाले. तिसऱ्या टेबलावर कारण सांगायची वेळही आली नाही. ती समोर उभी राहिली, टेबलावरची पत्रकं तिरकी पडली होती ती बोलता बोलता सरळ लावायला लागली, आणि तिथल्या मुलाने ती हळूच तिच्या हाताखालून काढून घेतली. गेल्या वर्षी एका गटात तो तिच्याबरोबर होता.

घंटेला थोडाच वेळ उरला तेव्हा कॉरिडॉरमध्ये घुटमळणारे बरेच कमी झाले होते. थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. आपण मागे राहणार. धाकटी तिसऱ्या वर्षात जाणार आणि आपण खालच्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्यापासून. आईला काय सांगायचं? मला काढलं, मग कोणीच घेतलं नाही? आयुष्यात प्रथमच तिला हे कळत होतं की आपण चांगल्या आहोत याची खात्री असलेली माणसं भोवती पुष्कळ आहेत आणि तरीही त्यातलं कोणी आपल्याला जवळ बसवायला तयार नाही. हे फार लागलं तिला. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण रडत काम मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने नाक ओढलं, ओढणी सारखी केली आणि शेवटच्या टेबलाकडे गेली.

शेवटचं टेबल 'टाका' नावाच्या कंपनीचं होतं. बॅगांच्या बिघडलेल्या चेन दुरुस्त करून देणारी कंपनी. तिचा प्रमुख एक किडकिडीत मुलगा होता. बोलणं इतकं सावकाश, की पहिल्या वर्षापासून त्याचं नाव आजोबा पडलं होतं. त्याच्या शेजारी टाचणी नावाची बारीकशी मुलगी एका बॅगेवर वाकून बसली होती.

"का काढलं?" आजोबाने विचारलं.

थोरलीने मतभेद म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली बघत, पण आवाज न पाडता, जे होतं ते सांगून टाकलं. ज्याने त्याने केलेलं काम आपण मागून जाऊन पुन्हा करत होतो. कोणालाही न सांगता. धाकटीचंसुद्धा. "चुकलं असतं कोणाचं तर मी होते म्हणून," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण कोणाचं चुकलंच नव्हतं. एकदाही नाही. तरी जात होते."

हे वाक्य तिच्याच तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं. ऐकलं आणि तिला शरम वाटली. धाकटीच्या त्या नुसत्या बघण्याचा अर्थ आता तिला कळला. दारावर थाप मारून, गिऱ्हाइकाचे पाय जमिनीला टेकवून, हसत हसत पुढच्या खोलीकडे जाणारी धाकटी तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्या पाठोपाठ चोरासारखी जाणारी आपण.

आजोबाने बराच वेळ विचार केला. त्याचा विचार होईपर्यंत माणसाला घाम फुटायचा. मग तो म्हणाला, कामाची तू आहेस हे सगळ्यांना माहीत आहे, त्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. टाचणी आठवड्यापूर्वीच चेन बसवायला शिकायला लागली आहे. ती ही चेन बसवते आहे. तू इथे बस. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. चेन पूर्ण होईपर्यंत बसलीस तर घेतो. नाहीतर रामराम.

"एवढंच?" थोरली म्हणाली आणि ऐटीत बसली.

एवढंच! बसल्या बसल्याच तिला दिसलं. चेनचा रनर, म्हणजे जो ओढून आपण चेन लावतो तो, टाचणीने एका बाजूचे दात एक घर पुढे घेऊन अडकवला होता. आत्ता काही कळणार नव्हतं. चेन गुपचूप पुढे सरकणार होती आणि शेवटाला जाऊन एका बाजूचं कापड फुगून वर येणार होतं. थोरलीच्या जिभेच्या टोकावर ते आलंच. तिने ओठ आवळले. हात आपोआप टेबलावर गेले, ते तिने मागे ओढून मांड्यांखाली दाबून ठेवले. टाचणी जीभ बाहेर काढून एकेक दात सरकवत होती आणि इकडे थोरलीच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. हा काय छळ! एका शब्दाचं तर काम. तेवढ्यात टाचणीने वर पाहिलं, थोरलीचा चेहरा पाहिला, घाबरली आणि पुन्हा खाली वाकली. थोरलीने चेहराही सरळ केला. तेही सोपं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच धाकटी आली. धावत आली होती, धाप लागली होती. तिने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि घाईघाईने सांगितलं, की ती कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून मघापासून सगळं बघत होती. कोणी घेत नव्हतं ते तिने पाहिलं. 'उठवणी'ला अजून एक माणूस घेता येतो आणि आपलाच माणूस परत घ्यायला मनाई नाही, हे ती मॅडमना विचारून आली होती. पहिलवान आणि चष्मिसलाही तिने तयार केलं होतं. थोरलीने फक्त उठायचं आणि तिच्याबरोबर चालायला लागायचं. घंटा व्हायला आली होती. इथे नाही झालं तर वर्ष जाईल.

थोरलीने आजोबाकडे पाहिलं. बहिणीशी बोललेलं चालेल, असं त्याने मानेने सांगितलं.

तिला हो म्हणायचं होतं. अगदी मनापासून. जिवात जीव आला होता तिच्या, धाकटीचा हात खांद्यावर पडल्याबरोबर. ती अर्धवट उठलीसुद्धा. आणि मग तिने धाकटीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळावर आठी, श्वास फुललेला, आपण पोचलो नाही तर हिचं काही खरं नाही अशी खात्री. हा चेहरा थोरलीच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज सकाळी आरशात तिने तो पाहिला होता.

ती पुन्हा खाली बसली.

"काय गं," ती म्हणाली, "मला नीट जमतंय की नाही ते बघायला मागून आलीस होय?"

धाकटीने तिच्या खांद्यावरचा हात पटकन काढून घेतला. तिचे कान लाल झाले. मग दोघींनाही एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं.

"आणि यांनी नाही घेतलं तर?" तिने विचारलं.

"नाही तर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. तू पुढे हो."

हे बोलताना थोरलीचा आवाज हलला नाही. आत भीती होती, नाही कशाला म्हणा, पण त्या भीतीला मान देऊन उठायचं नाही एवढं तिचं ठरलं होतं. आणि तुमची कंपनी उत्तम चालली आहे, असंही तिने धाकटीला सांगितलं. तुमची म्हणाली, आपली नाही म्हणाली. धाकटीच्या ते लक्षात आलं. तिने बहिणीचा खांदा एकदा घट्ट दाबला, वळली आणि सरळ त्या खांबाशी गुणगुणत उभ्या असलेल्या गवयाकडे गेली. लोकांना उठवायला गाता येणारा माणूस हवाच होता, असं तिने त्याला सांगितलं. गवयाचा चेहरा असा काही उजळला, की थोरलीला पलीकडून दिसला. हे कसं आपल्याला सुचलं नव्हतं? गवई आत गेला आणि 'उठवणी'चं दार लागलं. परतीची वाट आता बंद होती.

टाचणीची चेन शेवटाला पोचली होती. व्हायचं तेच झालं, एका बाजूचं कापड टपोरं फुगून वर आलं. टाचणीने ते बोटाने दाबून पाहिलं, पुन्हा फुगलं. तिने चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मॅडम कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून एकेका टेबलापाशी थांबत येत होत्या. थोरलीने हात मांड्यांखाली इतके दाबले, की बोटांना मुंग्या आल्या. मग टाचणी थांबली. तिने चेनच्या अगदी सुरुवातीला बोट नेलं, दोन्ही बाजूंचे दात जोडीजोडीने मोजल्यासारखे पाहिले आणि स्वतःशीच "अय्या" म्हणाली. रनर काढला. पुन्हा घातला, या वेळी बरोबर घरात. चेन सरसर गेली आणि शेवटाला सपाट बसली.

टाचणीने मान वर केली. तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. थोरलीने आजवर कित्येकांचं कित्येक वेळा दुरुस्त करून दिलं होतं, पण असा चेहरा त्यांतल्या कोणाचा झालेला तिला आठवेना.

"तुला कधी दिसलं?" आजोबाने विचारलं.

"बसले तेव्हाच."

"मग आता काय वाटतं?"

थोरलीने मांड्यांखालचे हात बाहेर काढले. "बसणं फार जड गेलं," ती म्हणाली. "पण तिला दिसलं, ते मी दाखवण्यापेक्षा बरं झालं."

घंटा झाली तेव्हा मॅडम टेबलापाशीच उभ्या होत्या. त्यांनी आजोबाला रीतीप्रमाणे विचारलं, हिला घेतलं का, आणि घेतलं असेल तर कोणत्या गुणासाठी. सगळा कॉरिडॉर कान देऊन उभा होता. 'उठवणी'चं दारही किलकिलं झालं होतं. आजोबा उठला, त्याने सावकाश घसा साफ केला.

"मॅडम, घेतलं," तो म्हणाला. "हिला गप्प बसता येतं."

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग जो हशा उसळला तो थांबेना. तिसऱ्या टेबलावरच्या त्या मुलाने तर टेबलावर डोकं टेकलं. कात्री मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. आणि सगळ्यांत मोठा आवाज दारातून डोकावणाऱ्या धाकटीचा होता. आईला कधी एकदा हे सांगते असं झालेलं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

थोरलीला उत्तर देता आलं असतं. चांगलं खणखणीत, जिभेवर तयारच होतं. तिने धाकटीकडे पाहिलं, आजोबाकडे पाहिलं, आणि गालातल्या गालात हसत ती गप्प बसली.